आमदाराची जागा रिकामी झाली, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

विधानसभा आणि विधान परिषदेतल्या रिक्त जागांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : अकोला पश्चिमच्या आमदारांचं नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झालं. पोटनिवडणूक जाहीर झाली आणि दहा दिवसांत उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. जागा रिकामी, मतदार तयार, आयोगही तयार. मग अडलं कुठे?

उत्तर : अडलं ते दिवस मोजण्यात. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मध्ये १९९६ साली कलम १५१ अ घालण्यात आलं. त्याआधी पोटनिवडणूक किती दिवसांत घ्यायची याला कायद्यात मुदतच नव्हती. या कलमाने ती सहा महिने ठरवली, आणि हे सहा महिने जागा रिकामी झाल्या तारखेपासून धरायचे. त्याला दोन अपवाद आहेत. एक, त्या जागेची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर. दोन, सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर.

‘उरलेली मुदत’ कुठून मोजायची, हे कलमात उलगडून सांगितलेलं नाही. सगळा वाद तिथे आहे. अकोल्याच्या तारखा पाहा. जागा रिकामी झाली ३ नोव्हेंबर २०२३ ला. विधानसभेची मुदत संपणार होती २६ नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे जागा रिकामी झाली त्या दिवशी एक वर्ष आणि तेवीस दिवस उरले होते. या हिशेबाने पोटनिवडणूक घ्यायलाच हवी होती. आयोगाने ती १६ मार्च २०२४ ला लोकसभेबरोबर जाहीर केली. मतदान २६ एप्रिलला आणि निकाल ४ जूनला लागणार होता. निकालापासून मोजलं तर निवडून येणाऱ्या आमदाराच्या हाती सहा महिनेही उरत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा दुसरा हिशेब धरला आणि २६ मार्चला पोटनिवडणूक रद्द केली. याच खंडपीठाने २०१९ मध्ये काटोलची पोटनिवडणूकही याच कारणाने रद्द केली होती. तिथल्या आमदारांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता.

त्याच सुमारास हरियाणातल्या कर्नालची कथा मात्र उलटी झाली. तिथली जागा १३ मार्च २०२४ ला रिकामी झाली आणि विधानसभेची मुदत ३ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. कुठूनही मोजा, आठ महिन्यांहून कमीच. तरीही पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पोटनिवडणुकीविरुद्धची याचिका फेटाळली. २५ मे रोजी मतदान झालं आणि तोवर आमदार नसलेले मुख्यमंत्री निवडून आले. मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, ही राज्यघटनेच्या कलम १६४ (४) ची अट त्यामागे होती. एक वर्षाहून कमी मुदत असेल तर आयोगावर पोटनिवडणूक घेण्याची सक्ती नाही, पण मनाईही नाही, असा कलमाचा अर्थ त्यातून निघतो. आमच्या मते कलमाच्या शब्दांशी हा अर्थ जास्त जुळतो. संसदेने एका ओळीची दुरुस्ती करून मोजणी कुठून करायची ते लिहून टाकलं, तर असे खटले उरणार नाहीत.

पण अकोल्याच्या मतदाराचं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं. जागा नोव्हेंबरच्या सुरुवातीला रिकामी झाली आणि घोषणा मार्चच्या मध्यावर आली. पोटनिवडणूक डिसेंबर-जानेवारीत झाली असती तरी निकालानंतर दहा-अकरा महिने मिळाले असते. न्यायालयाच्या मोजणीने तेही कमीच ठरतात, पण मतदारसंघाला त्यात दोन अधिवेशनं तरी आमदार मिळाला असता. मुदतीच्या टोकाला रिकाम्या होणाऱ्या जागेबाबत उशीर हाच निर्णय ठरतो.

प्रश्न : दुसरा अपवाद, ‘अवघड आहे’ हा, म्हणजे आयोगाला मोकळीकच ना?

उत्तर : पूर्ण मोकळीक नाही. पुण्याची लोकसभेची जागा २९ मार्च २०२३ ला रिकामी झाली होती आणि मुदत जून २०२४ पर्यंत होती. पोटनिवडणूक घेतली गेली नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे आणि नव्या खासदाराला काळ थोडा मिळेल, अशी आयोगाची बाजू होती. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०२३ ला ती नाकारून तातडीने पोटनिवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली आणि पुणेकर सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत खासदाराविना राहिले. विधानसभेच्या जागेलाही हेच कलम लागू असल्याने हे उदाहरण दिलं.

कोविडच्या काळात हा अपवाद रास्त होता. आयोगाने मे २०२१ मध्ये पोटनिवडणुका पुढे ढकलल्या. त्यामुळे नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरची जागा एप्रिलमध्ये रिकामी होऊनही मतदान ३० ऑक्टोबरला झालं.

प्रश्न : आमदाराने टीव्हीसमोर राजीनाम्याचं पत्र दाखवलं की जागा रिकामी होते का?

उत्तर : नाही. राजीनामा अध्यक्षांच्या नावे (परिषदेत सभापतींच्या नावे) लेखी द्यावा लागतो आणि त्यांनी तो स्वीकारावा लागतो. पक्षाध्यक्षाला किंवा राज्यपालांना दिलेल्या पत्राचा इथे उपयोग नाही. १९७४ च्या तेहतिसाव्या घटनादुरुस्तीपासून अध्यक्षांनी राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे याची खात्री करून घ्यायची असते. तशी खात्री झाली नाही तर ते राजीनामा नाकारू शकतात. सहा महिन्यांचं घड्याळ स्वीकारापासून सुरू होतं, पत्रकार परिषदेपासून नाही.

जागा इतर कारणांनीही रिकामी होते, आणि प्रत्येक कारणाचा क्षण वेगळा असतो. निधन झालं तर त्याच दिवशी. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली तर शिक्षेच्या दिवसापासून आमदार अपात्र होतो. पूर्वी अपिलासाठी तीन महिन्यांचं संरक्षण होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालात रद्द केलं. सावनेरची जागा अशीच २२ डिसेंबर २०२३ ला रिकामी झाली. तिथे अकराच महिने उरले होते, त्यामुळे मोजणीचा वाद आलाच नाही आणि पोटनिवडणूकही झाली नाही. वरच्या न्यायालयाने केवळ शिक्षेला नव्हे तर दोषसिद्धीला स्थगिती दिली तर अपात्रता थांबते. लक्षद्वीपच्या लोकसभा जागेसाठी २७ फेब्रुवारी २०२३ ही मतदानाची तारीख जाहीर झाली होती. केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केल्यावर आयोगाला पोटनिवडणूक थांबवावी लागली. अशा जागांवर आयोगाने अपिलाला थोडी सवड देणं शहाणपणाचं आहे.

आमदार लोकसभेवर निवडून गेला तर राजपत्रात नाव प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत त्याने विधानसभेचा राजीनामा द्यायचा. दिला नाही तर जाते ती लोकसभेची जागा, विधानसभेची नव्हे. इथे पुष्कळांचा उलटा समज असतो. दोन मतदारसंघांतून विधानसभेवर निवडून आलेल्यालाही एक जागा १४ दिवसांत सोडावी लागते, नाहीतर दोन्ही जातात. परवानगीशिवाय साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकतं. मात्र अधिवेशन संपल्यानंतरचे दिवस आणि सलग चार दिवसांहून मोठी तहकुबी त्या साठात धरत नाहीत. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाखाली अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष देतात. इतर बहुतेक अपात्रतांवर वाद झाला तर राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मताप्रमाणे निर्णय देतात.

प्रश्न : दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळालेल्याला आमदार करून टाकलं तर खर्च वाचणार नाही का?

उत्तर : निधन किंवा राजीनाम्यानंतर असं करता येत नाही. मतदारांनी त्याला निवडलेलं नसतं. एकच वाट आहे, निवडणूक याचिकेची. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करायची, आणि विजयी उमेदवाराची निवड रद्द करण्याबरोबर स्वतःला निवडून आल्याचं घोषित करण्याची मागणी करायची. वैध मतांत खरं बहुमत आपलं होतं हे सिद्ध झालं तर न्यायालय तसं घोषित करू शकतं.

याच याचिका पुढे पोटनिवडणुकीच्या आड येतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. कर्नाटकात २०१९ मध्ये १७ आमदार अपात्र ठरले. त्यांतल्या १५ जागांची पोटनिवडणूक ५ डिसेंबर २०१९ ला झाली. मस्की आणि राजराजेश्वरीनगर या दोन जागा राहिल्या, कारण २०१८ च्या निकालाविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयात पडून होत्या. न्यायालय कदाचित दुसऱ्यालाच विजयी घोषित करेल अशा जागेवर पोटनिवडणूक घेतली तर एका जागेला दोन आमदार होतील. राजराजेश्वरीनगरला नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान झालं, मस्कीला एप्रिल २०२१ मध्ये. तुमच्या मतदारसंघात घोषणा होत नसेल तर आधी याचिका प्रलंबित आहे का ते पाहा.

प्रश्न : घोषणेपासून निकालापर्यंतचे टप्पे तारखांसह सांगाल का? आमच्या गटाला अपक्ष उमेदवार द्यायचा आहे.

उत्तर : अंधेरी पूर्वचं उदाहरण घेऊ, ते अगदी कायद्याच्या मापाचं आहे. आमदारांचं निधन ११ मे २०२२ ला झालं. म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जागा भरायला हवी. विधिमंडळ सचिवालय जागा रिक्त झाल्याचं राजपत्रात प्रसिद्ध करून आयोगाला कळवतं. मुख्य निवडणूक अधिकारी मतदार यादी, मतदान यंत्रं, सण आणि परीक्षा यांचा अहवाल देतात. आयोगाने ३ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर केला आणि आचारसंहिता लागली.

अधिसूचना ७ ऑक्टोबरला निघाली. अर्जाचा शेवटचा दिवस अधिसूचनेनंतरचा सातवा, म्हणून १४ ऑक्टोबर. छाननी दुसऱ्याच दिवशी, १५ ला. माघार छाननीनंतर दोन दिवसांनी, १७ ला. मतदान माघारीनंतर चौदा दिवसांच्या आत घेता येत नाही; ते ३ नोव्हेंबरला झालं. मोजणी ६ नोव्हेंबरला. मुदत संपायला जेमतेम चार-पाच दिवस होते. या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’ होता, १२,८०६ मतं. ‘नोटा’ला सर्वांत जास्त मतं मिळाली असती तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून आला असता आणि जागा रिकामी राहिली नसती. तारखा घोषणेनंतरही बदलतात: कसबा पेठ आणि चिंचवडचं २७ फेब्रुवारी २०२३ चं मतदान बारावीच्या परीक्षेमुळे एक दिवस अलीकडे, २६ ला घेतलं गेलं.

आता तुमच्या गटासाठी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. उमेदवार स्वतः राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो, पण दुसऱ्या मतदारसंघाचा असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. अर्ज नमुना २ ब मध्ये, सोबत नमुना २६ चं शपथपत्र. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त होते. महाराष्ट्रात खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे.

अर्ज बाद होतात ते बहुतेक दोन कारणांनी. शपथपत्रातला एखादा रकाना कोरा सोडलेला असतो. लागू नसेल तिथे ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहायचंच असतं. किंवा सूचकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चुकलेला असतो, किंवा तो सूचक शेजारच्या मतदारसंघाचा निघतो. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. वेगवेगळे दहा सूचक घेऊन किमान दोन अर्ज भरा, अनामत एकदाच लागते. आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. अर्ज दुपारी तीनपर्यंतच घेतात.

प्रश्न : मी नोकरीसाठी पुण्यात असतो, नाव कोल्हापूरच्या यादीत आहे. पोटनिवडणुकीला सुटी मिळते का? माझी मुलगी अठरा वर्षांची झाली, तिचं नाव वेळेत येईल का?

उत्तर : सुटी मिळते आणि पगारीच मिळते. कलम १३५ ब प्रमाणे विधानसभेच्या मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येक कामगाराला ती द्यायची असते, रोजंदारीवरच्यालाही. कामाची जागा मतदारसंघाबाहेर असली तरी हक्क जात नाही. पुण्याच्या मालकाला कोल्हापूरच्या मतदानाची तारीख ठाऊक असेलच असं नाही, म्हणून ओळखपत्राची प्रत जोडून चार दिवस आधी लेखी अर्ज द्या. गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशी कामं तेवढी वगळली आहेत.

मुलीसाठी नमुना ६ (यादीत नाव घालण्याचा अर्ज) आजच भरा. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घेता येत नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. घोषणा झाल्यावर धावपळ करणाऱ्यांना म्हणूनच उशीर होतो. अठरा वर्षं पूर्ण झाली का हे पाहण्याच्या आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

प्रश्न : विधान परिषदेच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या कशा राहतात? तिथे सहा महिन्यांचा नियम नाही का?

उत्तर : आहे, पण तो फक्त मुदतीआधी रिकाम्या झालेल्या, निवडून दिलेल्या जागांना लागतो. सदस्य सहा वर्षं पूर्ण करून निवृत्त झाला तर ती पोटनिवडणूक नसते, नियमित निवडणूक असते. तिला हे घड्याळ लागू नाही. आपल्या परिषदेत ७८ जागा आहेत: ३० आमदारांनी निवडलेल्या, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, पदवीधर आणि शिक्षकांच्या प्रत्येकी ७, राज्यपालनियुक्त १२.

अडकतात त्या २२ आणि १२. स्थानिक संस्थांच्या जागेसाठी मतदारसंघातल्या किमान ७५ टक्के संस्था चालू आणि ७५ टक्के मतदार (नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य वगैरे) पदावर असावेत, असा आयोगाचा निकष आहे. २०२१ च्या अखेरीस सोलापूर आणि अहमदनगरची निवडणूक याच निकषावर थांबली. २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि एकेक जागा मतदारच नाहीत म्हणून रिकामी होत गेली. खालच्या निवडणुका थांबल्या की वरचं सभागृह असं पोखरतं, आणि याचा राग यायला हवा तितका कुणाला येत नाही.

नियुक्त बारा जागांना तर कायद्यात मुदतच नाही. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये बारा नावं पाठवली. राज्यपालांनी त्यावर निर्णय दिला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की निर्णय वाजवी वेळेत व्हायला हवा आणि आठ महिने हा पुरेसा काळ आहे. तरी काही झालं नाही. नव्या सरकारने २०२२ मध्ये ती यादी मागे घेतली. सात जागा भरल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये.

तातडी असली की मात्र मार्ग निघतो. २०२० मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची सहा महिन्यांची मुदत २७ मेच्या सुमारास संपत होती, आणि २४ एप्रिलला निवृत्तीने रिकाम्या झालेल्या नऊ जागांची निवडणूक कोविडमुळे लांबली होती. राज्यपालांनी नियुक्ती न करता आयोगाला विनंती केली, आयोगाने २१ मे ही तारीख दिली आणि नऊही जण १४ मेलाच बिनविरोध निवडून आले.

प्रश्न : विधानसभेत जागा रिकाम्या असतील तर परिषदेच्या निवडणुकीतला ‘कोटा’ बदलतो म्हणतात. कसा?

उत्तर : कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी किमान मतं. आमदारांच्या मतदानात प्रत्येक वैध मताची किंमत १०० धरतात. एकूण किमतीला (जागा अधिक एक) ने भागायचं, येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवायचा. १२ जुलै २०२४ ला ११ जागा होत्या आणि विधानसभेत २८८ पैकी २७४ आमदार. २७,४०० भागिले १२ म्हणजे २,२८३ आणि अपूर्णांक. त्यात एक मिळवून २,२८४. बावीस मतांचे २,२०० होतात, ते कमी पडतात, म्हणून पहिल्या पसंतीची २३ मतं लागली. सगळे २८८ असते तर २,४०१, म्हणजे २५ मतं. चौदा रिकाम्या खुर्च्यांनी प्रत्येक उमेदवाराची गरज दोन मतांनी कमी केली.

पोटनिवडणुकीत हा हिशेब पार बदलतो. तिथे प्रत्येक रिकामी जागा स्वतंत्र भरली जाते, म्हणून प्रत्येक जागेला निम्म्याहून जास्त मतं लागतात, २८८ आमदार असतील तर १४५. म्हणून नियमित निवडणुकीत दोन-तीन जागा घेणारा विरोधी पक्ष पोटनिवडणुकीत एकही घेऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये परिषदेतले आमदारांनी निवडलेले पाच सदस्य विधानसभेवर निवडून गेले. मार्च २०२५ मध्ये त्या पाचही जागांवर सत्ताधारी आघाडीचे उमेदवार बिनविरोध आले. विरोधकांनी अर्ज का भरले नाहीत, असं एका पत्रात विचारलं आहे; कारण हेच.

प्रश्न : पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या आमदाराला पाच वर्षं मिळतात का? आणि मधल्या काळात मतदारसंघ कोण पाहतं?

उत्तर : विधानसभेत सभागृहाची मुदत संपेपर्यंत, परिषदेत आधीच्या सदस्याची उरलेली मुदत. त्यामुळे परिषदेच्या दोन शेजारच्या जागांवर एकाच दिवशी निवडून आलेल्यांतला एक वर्षभरात निवृत्त होतो आणि दुसरा चार-पाच वर्षं राहतो.

मधल्या काळात प्रभारी आमदार असा कुणी नसतो. जागा रिकामी असली तरी सभागृहाचं कामकाज वैध असतं, घटनेच्या कलम १८९ मध्ये ते लिहिलं आहे. पण तुमच्या तालुक्याचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायला तुमचा माणूस तिथे नसतो. अशा वेळी त्या भागाच्या पदवीधर, शिक्षक किंवा स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून आलेल्या परिषद सदस्याकडे लेखी निवेदन द्या. तोही आमदारच आहे, प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला तितकाच आहे. निवेदनात गावाचं नाव, कामाचा मंजुरी क्रमांक आणि ज्या कार्यालयात फाइल अडली आहे त्याचं नाव लिहा. त्याशिवाय विधिमंडळाच्या प्रश्नाला उपयोगाचं उत्तर मिळत नाही.